डाव्या कुशीचा छेद

१

बरणीतून निघालेला मासा ट्रेमध्ये ठेवला गेला आणि मोजपट्टी म्हणाली, "हा माझा मासा नाही."

समितीच्या बैठकीत असं बोलायचं नसतं. लांबलचक टेबलाभोवतीच्या खुर्च्या करकरल्या, अध्यक्षांनी चष्मा वर केला आणि मत्स्य संशोधन केंद्राच्या त्या दिवाणखान्याएवढ्या खोलीत सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

मी तिथे होते ती निव्वळ चालक म्हणून. माझ्या सासूबाई या केंद्राच्या मत्स्यसंग्रहालयाच्या निवृत्त प्रमुख. मासा ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून समितीने त्यांना बोलावलं होतं, आणि त्यांना स्कूटर चालवता येत नाही म्हणून त्यांनी मला. मी दातांची डॉक्टर. त्या दिवशी एका गृहस्थांची अक्कलदाढ मी पुढच्या आठवड्यावर ढकलली होती.

मोजपट्टी म्हणजे केंद्रातली तरुण संशोधक. तिच्या खिशात कायम एक स्टीलची पट्टी असते, म्हणून हे नाव. ते सासूबाईंनीच पाडलं. गावाला लागून असलेली खाडी बुजवून तिथे मालधक्का करायचं घाटत होतं. मोजपट्टीचं म्हणणं असं, की या खाडीत तांबोशीची पिल्लं वाढतात. लहानपण चिखलात, तिवरांच्या मुळांशी काढायचं आणि अंगात बळ आलं की बाहेर समुद्रातल्या खडकांत जायचं, असं त्या माशाचं आयुष्य. खाडी गेली तर बाजारात येणारी तांबोशीही हळूहळू जाणार. या म्हणण्याला तिचा पुरावा म्हणजे खाडीत धरलेलं आणि फॉर्मलिनमध्ये मुरवलेलं एक पिल्लू.

तेच पिल्लू आता ट्रेमध्ये असायला हवं होतं. बरणीत तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मासाही तळहाताएवढा, फॉर्मलिनने रंग उडालेला, तपकिरी. माझ्यासारखीला काय कळणार? पण केंद्राचे संचालक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते भिंग घेऊन वाकले आणि सावकाश सरळ झाले.

"तांबोशीच्या पाठीवरच्या खवल्यांच्या रांगा अंगावरच्या रेषेला समांतर जातात," ते म्हणाले. "या तिरक्या वर चढल्यात. हा तिच्या भावकीतला, पण वेगळा मासा आहे. जन्मापासून खडकात राहणारा. खाडीत तो सापडणं शक्य नाही."

"मग तो बरणीत आला कुठून?" अध्यक्षांनी विचारलं.

"बाजारातून, बहुधा." साहेबांनी मोजपट्टीकडे न बघता भिंग खिशात ठेवलं. "मला फार वाईट वाटतं. माझीच विद्यार्थिनी आहे."

पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. खोटा नमुना दाखवणाऱ्याला या क्षेत्रात पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. अध्यक्षांनी सोमवारपर्यंत खुलासा मागितला. खुलासा आला नाही तर तिची नोकरी जाणार आणि खाडीवर भराव पडणार, एवढं स्पष्ट होतं.

सासूबाई उठल्या. त्यांनी मासा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि ट्रेमध्ये ठेवून दिला. बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मला राहवेना.

"आई, काय दिसलं?"

त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "त्या माशाच्या डाव्या कुशीला छेद आहे," त्या म्हणाल्या. "खाडीवर घे."

२

सासूबाईंना स्कूटरच्या मागे बसून बोलायची सवय आहे, आणि मला अर्धं ऐकून हो म्हणायची. त्या दिवशी मात्र मी कान टवकारून ऐकलं.

मासा टिकवायचा तर पोटात फॉर्मलिन शिरायला हवं, म्हणून पोटाला एक छेद देतात. तो द्यायचा माशाच्या उजव्या कुशीला. कारण जगभर माशाचं चित्र काढतात, फोटो घेतात, कपाटात मांडतात ते डोकं डावीकडे करून. म्हणजे आपल्याला दिसते ती माशाची डावी बाजू. ती त्याचा चेहरा म्हणायची. तिला सुरी लावायची नाही.

"आमच्यातही असंच घोळाचं असतं," मी वळणावर म्हटलं. "पेशंटची उजवी बाजू ती माझी डावी. नवशिके हमखास फसतात."

"या केंद्रात कुणी नवशिका नाही. तो नियम मीच घालून दिला आणि मोडणाऱ्याला मी फाडून खायची. मोजपट्टीने तो मासा कापलेला नाही. कुणीतरी तिचा मासा काढून दुसरा ठेवलाय. मुरायला दिवस लागतात, म्हणजे ती बहिणीच्या बाळंतपणाला रजेवर गेली तेव्हा. आणि बरण्यांच्या भांडाराची किल्ली असणारी माणसं तीनच. भांडार सांभाळणारे बरणीकाका, तिथले मासे नेऊन रंगवणारा चित्रकार आणि साहेब."

"मग हे तिथेच सांगायचं ना!"

"छेद डावीकडे आहे म्हणून मासा बदललाय, हे त्या अध्यक्षांना पटलं असतं? ते इंजिनिअर आहेत. आधी खरा मासा हवा."

मोजपट्टी खाडीच्या काठावर बसलेली होती. ती इथेच सापडणार हे सासूबाईंनी कशावरून ओळखलं, देव जाणे. ओहोटी होती. तिवरांची मुळं उघडी पडली होती आणि ओल्या चिखलावर बारके खेकडे धावत होते. प्रत्येक नराचा एक पंजा अंगापेक्षा मोठा, एकाच हातात बॉक्सिंगचा हातमोजा घातल्यासारखा. आमची चाहूल लागताच सगळे बिळांत गडप झाले.

"दुसरं पिल्लू धरता येणार नाही?" मी विचारलं.

"यंदाचे दिवस संपले, ताई. पिल्लं बाहेर गेली. पुढच्या वर्षी येतील." तिने चिखलावर एक काडी फेकली. "तेव्हा खाडी असली तर."

"जाळ्यात किती आली होती?" सासूबाईंनी विचारलं.

"बरीच. मी एकच ठेवलं, बाकीची सोडून दिली. वाढायला आलेली पिल्लं, ती मारून बरण्या कशाला भरायच्या? फोटो आहेत. पण मासा कुठल्या पाण्यातला हे फोटो सांगत नाही, असं साहेब म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं." मग तिचा आवाज फुटला. "बाई, मी वेडी होईन. आता मलाच वाटायला लागलंय की मी चुकले असेन."

सासूबाईंना रडणारी माणसं झेपत नाहीत. त्या तिच्या शेजारी चिखलात साडीसकट बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "छेद कुठल्या बाजूला दिलास?"

"उजव्या. नेहमीप्रमाणे."

"मग तू चुकली नाहीस. ऊठ, डोळे पूस."

तिने डोळे पुसले खरे, पण हातांना चिखल होता आणि आता तो गालांवर आला. त्या दोघींकडे बघून मला एकदम जाणवलं, की ही सासूबाईंसाठी निव्वळ माशाची भानगड नाही. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला कुणीतरी घरातूनच हात घातला होता.

३

भांडार म्हणजे एक लांब, काळोखी खोली. जमिनीपासून छतापर्यंत बरण्याच बरण्या आणि प्रत्येकीत गप्प बसलेले मासे. वास असा, की माझा नवरा उंबऱ्यावरूनच परतला असता. हा मत्स्यतज्ज्ञ बाईंचा मुलगा. बाजारात पिशवी धरायलासुद्धा येत नाही.

बरणीकाका शिडीवर होते. आम्हाला बघून उतरले, पण खुर्ची द्यायला विसरले.

"बाई, तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलात," ते म्हणाले.

"आले. बसायला देणार का उभ्यानेच घेऊ?"

काकांनी स्टूल पुसलं. त्यांची बाजू लंगडी होती आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांचा जावई भरावाच्या कामावर ट्रक चालवणार होता. मालधक्का झाला तर लेकीच्या घरी दोन सुखाचे घास जाणार होते.

"मला ते काम हवंय, नाही म्हणत नाही," काका म्हणाले. "पण बरणीला हात? तीस वर्षं या माशांची अंघोळपांघोळ केली मी. बैठक संपल्यापासून एकेक फळी बघतोय. जिथे जिथे तांबोशी ठेवतात तिथे बघितलं, तिच्या भावकीत बघितलं. पोरीचा मासा नाही म्हणजे नाहीच."

"कुणी बाहेर नेला असेल?" मी विचारलं.

"फॉर्मलिनमधला मासा खिशात घालून बघा, ताई. फाटकापर्यंत सगळं केंद्र शिंकत येईल मागून."

सासूबाई बरण्यांपुढून चालत होत्या. मधेच थांबून त्यांनी एका बरणीवर टिचकी मारली. "काका, हे काय? मासे कोरडे पडायला आलेत."

काकांचा बांध फुटला. "मग काय करू? मुरलेले मासे ठेवायचे ते स्पिरिट उडून जातं. साहेबांकडे मागून मागून जीभ झिजली. म्हणतात, यंदा पैसे नाहीत. सगळ्या बरण्या गळ्याच्या खाली उतरल्यात, एकही भरलेली सापडली तर नाव बदला माझं."

मी पाहिलं. खरंच, ओळीने सगळ्या बरण्यांतलं स्पिरिट उतरलेलं होतं.

जाता जाता सासूबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, हल्ली छेद कुठल्या कुशीला देता?"

काका दुखावले. "बाई, तुम्हीच शिकवलंत आणि तुम्हीच विचारता? सुरुवातीला एकदा डावीकडे कापला होता, तर तुम्ही अख्ख्या केंद्रासमोर माझी हजेरी घेतली होती. आता झोपेत कापला तरी उजवीकडेच कापेन."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे खरं बोलतायत."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि वर जो बसलाय तो डावखुरा आहे."

४

चित्रकार खरोखर डावखुरा होता. खिडकीशी बसून डाव्या हाताने तो एका माशाचा पर रंगवत होता आणि आम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलो तरी त्याने ब्रश खाली ठेवला नाही. मोजपट्टीशी त्याचं पटत नाही, हे केंद्रातल्या मांजरालाही माहीत होतं. तिने त्याला त्या पिल्लाचं चित्र पुन्हा पुन्हा काढायला लावलं होतं.

"पांढुरका पट्टा एक कमी पडला म्हणून!" तो म्हणाला. "दाखवू?"

चित्र सुंदर होतं. तांबूस पिल्लू, अंगावर उभे फिकट पट्टे आणि डोळ्याखाली गालावर दोन निळ्या रेषा, काजळाच्या काडीने ओढाव्यात तशा बारीक. मेल्यावर काही वेळातच त्या विझतात, तो म्हणाला. म्हणून ती त्याला पहाटे हाताला धरून खाडीवर घेऊन गेली होती.

"म्हणजे पिल्लू तुम्ही जिवंत पाहिलंत!" मी जवळजवळ ओरडले.

"पाहिलं. तसं मी साहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, तुम्ही चित्रकार आहात, जाती ओळखणं तुमचं काम नाही. आता त्यावर काय बोलणार? मूग गिळून बसलो."

सासूबाईंनी पिशवीतून वाटेत बाजारातून घेतलेला एक मासा काढला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि शेजारी सुरी ठेवली. "याला मुरवायचाय. छेद दे बरं."

चित्रकाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने ब्रश ठेवला, मासा उलटा केला, डाव्या हातात सुरी धरली आणि माशाच्या उजव्या कुशीला नीटस छेद दिला.

"डावखुऱ्याला दुसरीकडून सोपं नाही गेलं असतं?" मी विचारलं.

"सोपं गेलं असतं. पण ताई, डावी बाजू माझी रोजीरोटी आहे. आयुष्यभर मी मासे एकाच अंगाने पाहिलेत. तिला सुरी लावायची म्हणजे स्वतःच्याच चित्रावर शाई सांडायची."

जिन्यात सासूबाई थांबल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "त्यानेही नाही कापला," त्या म्हणाल्या.

"मग राहिले फक्त साहेब. पण आई, तेच तर सगळ्यात शिकलेले! त्यांना नियम माहीत नसेल?"

"म्हणून तर कोडं आहे. चल, चहा पिऊन येऊ."

साहेबांच्या खोलीत सगळं जागच्या जागी होतं. टेबलामागे कपाट, कपाटात त्यांचे लाडके चपटे मासे. तळाला चिकटून राहणारे, भाकरीसारखे पसरट; त्यांचा एक डोळा लहानपणीच सरकून दुसऱ्या बाजूला जातो आणि मग दोन्ही डोळे एकाच अंगाला. साहेबांनी उभं आयुष्य त्यांच्यावर काढलं. मधल्या रुंद बरणीत ते एकावर एक थापलेले होते आणि बरणी काठोकाठ भरलेली होती. मनात म्हटलं, साहेबांच्या माशांना तेवढं पोटभर!

सासूबाईंसाठी साहेबांनी स्वतः चहात साखर घातली. दोघं नोकरीला जवळजवळ एकाच वेळी लागलेली. तेव्हा अरे-अगं होतं. ते संचालक झाले आणि अहो-जाहो सुरू झालं; कुणी ठरवलं नाही, आपसूक झालं.

"पोरगी हुशार होती," साहेब म्हणाले. "घाई नडली. खाडीचा पहिला अभ्यास माझा आहे, तुम्हाला आठवतं. चिखलात मी वर्षं काढली. माझ्या पुस्तकात स्पष्ट आहे: खाण्यालायक मोठ्या माशाच्या दृष्टीने ही खाडी मेलेली आहे. त्याच आधारावर मालधक्का मंजूर झाला. आता कुणी एक पिल्लू आणून म्हणणार, की सगळं चुकीचं!"

"चुकीचं असलं तर?" सासूबाईंनी विचारलं.

साहेब हसले. पण कप ठेवताना तो बशीवर वाजला.

५

रविवार गेला तो नुसता घालमेलीत. सासूबाई जेवल्या नाहीत, टीव्ही लावला नाही, शेजारणीशी भांडल्यासुद्धा नाहीत. शेवटी मी म्हटलं, निदान आवडीचा मासा तरी खाऊ घालू. बाजारात एक मोठा चपटा मासा मिळाला तो घेऊन आले आणि ओट्यावर साफ करायला बसले. नवरा तोवर दोन खोल्या पलीकडे खिडकी उघडून बसला होता.

"अगं," मागून आवाज आला, "पोट कुठून फाडलंस?"

"खालून. या पांढऱ्या बाजूने. वरची बाजू ताटात चांगली दिसायला नको? डोळेबिळे सगळे वरच आहेत."

सासूबाई जवळ आल्या. ओल्या हातांनी त्यांनी मासा उभा धरला, जसा इतर कुठलाही मासा पाण्यात असतो तसा. पाठ वर, पोट खाली. "आता सांग. डोळे याच्या कुठल्या कुशीला आहेत?"

मी पेशंटच्या जागी मासा आहे असं समजून हिशेब केला. "उजव्या."

"आणि तू कापलंस कुठे?"

"डाव्या... आई!"

त्या खुर्चीवर बसल्या.

"नियमाला एक अपवाद होता," त्या म्हणाल्या. "मीच दिलेला. तो इतका साधा होता की विसरून गेले. उजव्या डोळ्यांच्या चपट्या माशाची बघण्यासारखी बाजू उजवी. म्हणून त्याला छेद पांढऱ्या बाजूने, डावीकडून द्यायचा. साऱ्या केंद्रात एकच माणूस रोज तसं कापायचा. हजारो मासे कापले त्याने तसे. तांबोशीचा भाऊबंद समोर आला तरी हात जायचा तिथेच गेला."

मी हातातली सुरी नाचवली. "मग उद्या हे सांगून टाकायचं. एकदम सगळ्यांसमोर!"

"तुला आनंद होतोय," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. "मला नाही होत गं. आम्ही दोघांनी त्या खाडीत कंबरेएवढ्या चिखलात जाळी ओढलीत. त्याच्यासारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. त्याने हे करावं याचं मला फार वाईट वाटतंय."

मी सुरी पुसली. मग मनात आलं ते विचारलं. "पण खरा मासा? तो तर फेकूनच दिला असेल त्यांनी."

सासूबाईंनी मान वर केली. पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली.

"नमुना फेकणं त्याच्याने व्हायचं नाही," त्या म्हणाल्या. "काका काय म्हणाले होते? एकही भरलेली बरणी सापडली तर नाव बदला माझं."

माझ्या हातातून सुरी ओट्यावर पडली. ती बरणी मी पाहिली होती. पाहून वर विनोदही केला होता.

६

सोमवारी बैठकीच्या आधी आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. मोजपट्टी बरोबर होती. तिला सासूबाईंनी वाटेत सगळं सांगितलं होतं आणि तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. ज्याच्याकडून शिकलो त्याचंच हे करणं पचवायला वेळ लागतो.

सासूबाई बसल्या नाहीत. "छेद डावीकडे आहे," त्या म्हणाल्या. "काका तसा देत नाहीत, चित्रकार देत नाही, ही पोरगी देत नाही. तसा देणारा हात एकच आहे."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "छेदावरून काय सिद्ध होतं?"

"काही नाही. म्हणून बरणीबद्दल बोलू. सगळ्या केंद्रातल्या बरण्या उतरल्यात. तुमच्या कपाटातल्याही उतरल्यात, डावीकडची बघा, उजवीकडची बघा. मधली तेवढी काठोकाठ. स्पिरिट कुणाला मिळालेलं नाही. मग पातळी वर चढली ती आत काहीतरी जास्तीचं गेलं म्हणून. आणि चपट्या माशांच्या थप्पीत तांबोशी शोधायला कोण येणार?"

बाहेर शिपायाने समिती आल्याची वर्दी दिली.

"हवं तर मी आत जाऊन हे सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि मग किती वर्षांनी कोण जाणे, त्यांचा सूर बदलला. "पण तू सांगावंस असं मला वाटतं. ऐकतोयस ना? तू सांग."

त्या एकेरी हाकेने साहेबांचे खांदे खाली आले. त्यांनी कपाट उघडलं, बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि कुणाकडेही न बघता चालू लागले. स्पिरिट हिंदकळून त्यांच्या शर्टावर सांडत होतं.

समितीच्या टेबलावर त्यांनी झाकण काढलं. एक चपटा मासा काढून ट्रेमध्ये ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. अध्यक्षांना वाटलं हे काही प्रात्यक्षिक आहे. त्यांनी पेन काढलं. थप्पीच्या मधून साहेबांनी तळहाताएवढा एक मासा उचलला. मोजपट्टीने माझा हात घट्ट धरला.

"हा कोणता मासा?" सासूबाईंनी विचारलं.

साहेबांनी भिंग काढलं. गरज नव्हती, तरी काढलं. "खवल्यांच्या रांगा रेषेला समांतर आहेत," ते म्हणाले. आवाज वर्गात शिकवतात तसा स्वच्छ होता. "ही तांबोशी. पिल्लू. परवाच्या बरणीतला मासा मी बाजारातून आणून ठेवला होता. हा हिचा. तो मी काढला."

अध्यक्षांचं पेन थांबलं. खोलीत कुजबुज झाली आणि विरली.

"पण ती खाडीतली कशावरून?" अध्यक्षांनी विचारलं. इंजिनिअर खरे.

"पोटावरून. खाल्लेलं अन्न ठिकाण सांगतं." साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "जठर मी उघडलं नाही."

"का?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"उघडलं असतं तर कळलं असतं."

मला त्या माणसाची चीड आली होती, खूप आली होती. त्या एका वाक्यासरशी ती कुठल्या कुठे गेली आणि तिच्या जागी नुसतं वाईट वाटत राहिलं. चुकलो हे कळू नये म्हणून एवढ्या मोठ्या नजरेच्या माणसाने डोळे मिटून घेतले होते.

"आता उघडतो," ते म्हणाले आणि चिमटा हातात घेतला.

मासा त्यांच्या डाव्या तळहातावर होता. चिमटा डाव्या कुशीकडे गेला, तिथे छेद नव्हता. ते चाचपडले. पुन्हा तिथेच शोधलं. सवयीचा हात सवयीच्या जागीच जात होता, आणि परवाच्या माशाला डावा छेद कुणी दिला हे आम्हा तिघींना डोळ्यांनी दिसलं.

मोजपट्टी पुढे झाली. तिने त्यांच्या हातातला मासा अलगद उलटा केला.

"सर, उजवीकडे," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. छेदातून त्यांनी जठर बाहेर काढलं, चिरलं आणि चिमट्याने एकेक तुकडा पांढऱ्या ट्रेच्या कोपऱ्यात मांडला. शेवटचा तुकडा निघाला तो खेकड्याचा पंजा होता, बाकीच्या तुकड्यांच्या मानाने केवढातरी मोठा. हे खेकडे खडकात नसतात. ते मी स्वतः पाहिले होते, चिखलावर पळताना.

"कुठे राहतो हा खेकडा?" अध्यक्षांनी विचारलं.

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग मोजपट्टीकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," ते तिला म्हणाले. "खाडी तुम्हाला जास्त माहीत आहे."

तिने खिशातून पट्टी काढली, पंजाशेजारी ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.